तंबाखू सुटते आणि अकराव्या दिवशी परत धरते : बिघाड शोधायचा कुठं?

तक्रार सगळ्यांची साधारण एकच असते, म्हणून माझीच लिहितो. पाडव्याला सोडली. पुडी आणि चुन्याची डबी गटारात टाकली, देवापुढं नारळ फोडला, बायकोला सांगितलं, आता संपलं. पहिले चार दिवस डोकं फुटायची वेळ, घरात सगळ्यांवर खेकसणं, रात्री झोप नाही. तेही काढले. आठवडा गेला, दहा दिवस गेले, लोक पाठ थोपटायला लागले. आणि अकराव्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, काही विशेष घडलेलं नसताना, शेजारच्याच्या तळहातावरची चिमूट माझ्या ओठात होती. उचलली कधी ते आजही आठवत नाही. ती 'आजच्यापुरती' होती. दुसऱ्या दिवशी खिशात पुडी आली.

चौदा वर्षांत हे सात वेळा झालं. प्रत्येक वेळी निदान एकच: मन खंबीर नाही. आणि प्रत्येक वेळी उपाय एकच: पुढच्या वेळी जास्त खंबीर.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडं नवीन पोरगा आला की त्याला एक गोष्ट लवकर कळते. एकाच पंपाचं बेअरिंग वर्षात तीनदा गेलं, तर चौथं बेअरिंग आणायला पळायचं नाही. बेअरिंगचा दोष नसतो. मोटर आणि पंप एका रेषेत नसतात, शाफ्ट हलका वाकडा ओढत असतो, आणि तुम्ही कितीही भारी बेअरिंग घाला, ते खाल्लं जाणारच. लाइन तपासायची. हे मी वीस वर्षं दुसऱ्यांना सांगतोय आणि स्वतःच्या बाबतीत मात्र सात वेळा नुसतं बेअरिंग बदललं.

आठव्या वेळी लाइन तपासली. आता तीन वर्षं होऊन गेली. काय तपासलं आणि काय बदललं, ते खाली आहे. तंबाखू-चुन्याबद्दल लिहिलंय कारण मला तेच माहीत आहे. बाकीच्या सवयींना किती लागू पडतं ते जाता जाता सांगतो.

आधी शरीराचा भाग वेगळा काढा

निकोटिनची शरीराला सवय लागते, यात कल्पनेचा किंवा मनाचा काही खेळ नाही. सोडल्यावरची चिडचिड, डोकेदुखी, बद्धकोष्ठता, लक्ष न लागणं हे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार आठवड्यांत बरंचसं उतरतं. हा भाग फारच जड जात असेल तर डॉक्टरला विचारून निकोटिनचं च्युइंगम घ्या. दोन आणि चार मिलिग्रॅममध्ये मिळतं. ते घेण्यात कमीपणा नाही. आम्हीसुद्धा मशिन उचलायला चेन ब्लॉक लावतो, पाठीवर घेत नाही. केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तिथं बोलणारी माणसं उपदेश करत नाहीत, प्रश्न विचारतात.

आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवडे होऊनही जखम भरत नसेल, किंवा उभी तीन बोटं तोंडात जात नसतील, तर हे सगळं वाचणं बाजूला ठेवा आणि आधी दातांच्या डॉक्टरकडं जा. त्याला दुसरा इलाज नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या सातही वेळा तपासल्या. एकदाही मी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी घसरलो नव्हतो. सगळ्या घसरणी नऊ ते वीस दिवसांच्या मधल्या. म्हणजे शरीराचा सगळ्यात वाईट जोर ओसरल्यानंतरच्या. मग अकराव्या दिवशी नेमकं काय आलं होतं?

तलफ म्हणजे चित्र

हे समजायला मला ब्रेकडाउन रजिस्टर लागलं. आमच्याकडं मशिन बंद पडलं की वेळ, जागा, काय आवाज आला, आधी काय चाललं होतं, हे लिहावं लागतं. तसंच एका छोट्या वहीत चार दिवस लिहिलं. त्या चार दिवसांत सोडायची नाही, एक चिमूटही कमी करायची नाही, फक्त लिहायचं. किती वाजले, कुठं उभा होतो, कोण होतं, आणि हात खिशाकडं जायच्या क्षणभर आधी डोळ्यांपुढं काय आलं.

शेवटचा रकाना पहिल्या दिवशी रिकामाच राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पहिल्यांदा भरला, आणि मी चक्रावलो. कारण त्यात तंबाखूची चव नव्हती, किक नव्हती. काय होतं ते सांगतो. शेडच्या मागं कडुलिंबाचं झाड, त्याच्या बुंध्याला टेकलेला मी, डावा तळहात पुढं, त्यावर पानाचा चुरा, उजव्या अंगठ्यानं रगडणं, मग दोन थापा, चुन्याची धूळ उडते, आणि बाजूनं कुणाचा तरी हात पुढं येतो. बस्. चार मिनिटांचा देखावा. मशिन आत बंद पडलेलं आहे, सुपरवायझर ओरडतोय, आणि या चार मिनिटांत मला कुणी हाक मारत नाही. तंबाखू मळणाऱ्या माणसाला कुणी हाक मारत नाही, हे तुम्ही बघा कधीतरी.

चार दिवसांत रोज अकरा-बारा चिमटी लिहिल्या गेल्या. त्यातल्या सात-आठ नुसत्या हातचाळा होत्या, त्यांच्यामागं काही नव्हतं. खऱ्या तलफेच्या चारच: सकाळच्या चहानंतरची, ब्रेकडाउन निघाल्यावरची, जेवणानंतरची, आणि घरी जाताना टपरीपाशी गाडी हळू होते तिथली. या चारींच्या आधी चित्र आलं होतं. हात नंतर हलला.

हे माझंच डोकं नाही. २००५ मध्ये कव्हाना, अँड्रेड आणि मे या तीन संशोधकांनी हीच गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली: एक विचार आपोआप येतो, मन त्याचं रंगवलेलं चित्र करत बसतं, आणि तलफेची खरी ताकद त्या चित्रात असते. पुढं प्लिमथ विद्यापीठात एक गमतीचा प्रयोग झाला. तलफ आलेल्या लोकांना तीन मिनिटं टेट्रिस खेळायला लावलं. तलफ कमी झाली. डोळ्यांपुढची जागा पडणाऱ्या विटांनी अडवली, की मळणाऱ्या तळहाताला तिथं जागा उरत नाही.

निर्धार इथं का उलटतो

औषध घेताना माकड आठवायचं नाही, असं वैद्यानं सांगितलेल्या रोग्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. जन्मात कधी औषध घेताना माकड आठवलं नव्हतं, त्या दिवसापासून चमचा उचलला की माकड हजर. डॅनिएल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये याचीच चाचणी घेतली, फक्त त्याच्याकडं पांढरं अस्वल होतं. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटल्यावर अस्वल येतच राहिलं, आणि बंदी उठल्यावर तर जास्तच आलं.

'तंबाखू खायची नाही' या वाक्यात डोळ्यांना दिसण्यासारखी एकच वस्तू आहे, ती म्हणजे तंबाखू. 'नाही'चं चित्र काढता येत नाही. माझे दहा दिवस मी ते वाक्य दिवसातून शंभर वेळा म्हणत होतो. म्हणजे शंभर वेळा पुडी उघडत होतो.

फ्रान्समधल्या नॅन्सी गावी एमिल कुए नावाचा एक औषधविक्या होता, १८५७ ते १९२६. त्याचं म्हणणं असं, की इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झोंबी लागली तर दर वेळी कल्पनाच जिंकते. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून कुणीही चालतं. तीच फळी उंचावर ठेवली की पाय थरथरतात. फळी तीच, पाय तेच, पडण्याचं चित्र मात्र नवं. हे मला पटतं. पण रोज सकाळ-संध्याकाळ 'मी बरा होतोय' असं पुटपुटायचा त्याचा जो प्रसिद्ध उपाय, तो माझ्या काही कामाचा ठरला नाही. त्यात बघायला काही नाही. नुसते शब्द. शब्दानं माझा हात हलत नाही.

चुकीची चित्रं (मी आधी हीच वापरली)

पहिलं चित्र लांबचं आणि गोड. मुलीचं लग्न, मी फेटा बांधून उभा, पांढरेशुभ्र दात, तब्येत ठणठणीत. फार छान वाटायचं. इतकं छान, की काम झाल्यासारखंच वाटायचं. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये वजन कमी करणाऱ्या बायकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी आपण बारीक झाल्याची आणि वाटेत काहीच आडवं न आल्याची गोड स्वप्नं जास्त रंगवली, त्यांचं वजन उलट कमी उतरलं. मुक्कामाचं चित्र पाहून मन तिथं पोचल्यासारखं सैल पडतं. 'यशाची कल्पना करा' असं सांगणारे जे स्टेटस सकाळी येतात, त्यांच्याबद्दल माझं मत यावरून समजून घ्या.

दुसरं चित्र भीतीचं. ते तर सरकारनंच छापून दिलंय. २०१६ पासून पाकिटाचा पंच्याऐंशी टक्के भाग त्या फोटोनं झाकलेला असतो. नवा माणूस त्यानं बिचकत असेलही. मी मात्र रोज तो फोटो बघायचो आणि त्याच्याच कडेनं पुडी फाडायचो. तो चेहरा दुसऱ्या कुणाचा होता, आणि कडुलिंबाचं झाड माझं होतं. लांबचं आणि परकं चित्र, जवळच्या आणि आपल्या चित्रापुढं टिकत नाही.

किळस मात्र जवळची असली तर चालते. पातंजल योगसूत्रांच्या साधनपादात तेहतिसावं सूत्र प्रतिपक्षभावनेचं आहे: मनात नको ते उसळलं तर त्याच्या उलट भावना उभी करावी. त्यावरच्या व्यासभाष्यात जे चित्र दिलंय ते सभ्य माणसानं जेवताना वाचू नये. सोडलेली गोष्ट पुन्हा धरणारा म्हणजे ओकलेलं चाटणारा कुत्रा. बघा, तिथंही 'निग्रह करा' म्हणून थांबलेले नाहीत, चित्रच दिलंय. माझं चित्र मला आमच्या बेसिनमध्ये सापडलं. थुंकून थुंकून जाळीभोवती तपकिरी डाग धरला होता. एका सकाळी शाळेच्या गणवेशातली पोरगी दात घासायच्या आधी जुन्या ब्रशनं तो डाग खरवडत होती. काही बोलली नाही. मी मागं उभा आहे हे तिला माहीत नव्हतं. टपरीपाशी गाडी हळू होते तेव्हा अजून मी तो जुना ब्रश बघतो. बाकी कुठल्याही तलफेला हे चित्र मी वापरत नाही, नाहीतर घासून गुळगुळीत होईल.

चित्र बदलायचं कसं

बदलायचं चित्र जुन्या चित्राच्याच जागी बसलं पाहिजे. तीच वेळ, तेच झाड, तोच हात. पहिलं अर्धं तसंच ठेवायचं आणि मध्येच रूळ बदलायचा. माझ्या चित्राचं खरं दुखणं तोंडात नव्हतं, तळहातात होतं, हे वहीनं दाखवलं म्हणून हे सुचलं. लोक वेलदोडा देतात, लवंग देतात, चॉकलेट देतात. ती तोंडात टाकली की दोन सेकंदांत संपतात. माझी चार मिनिटं भरून कोण काढणार? काहीजण सुपारीवर येतात, ते तर आगीतून फुफाट्यात. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच ठरवलंय. मिश्रीचंही तेच, ती तर तंबाखूच.

मी ओवा घेतला. ओव्याला रगडावंच लागतं, त्याशिवाय वास सुटत नाही. चुन्याच्या डबीएवढीच एक डबी, त्यात भाजलेला ओवा आणि किंचित काळं मीठ. डावा तळहात पुढं, चिमूटभर ओवा, उजव्या अंगठ्यानं रगडायचं, थाप मारायची, फुंकर मारली की तूस उडतं. मग जिभेवर. तिखट, उष्ण, डोळ्यांत पाणी येईल असा वास. ज्यांचं दुखणं तळहातात नाही त्यांना ओव्याचा काही उपयोग होणार नाही, हेही सांगून ठेवतो. आमच्या एका ड्रायव्हरचं चित्र गालातल्या भरलेपणाचं होतं. त्यानं ज्येष्ठमधाची काडी धरली. दुसऱ्याचं चित्र होतं चहाच्या गाड्यावरच्या मित्रांचं. त्यानं तंबाखू ठेवली नाही आणि गाडाही सोडला नाही, फक्त मळून द्यायचं काम बंद करून चहाचे पैसे द्यायचं काम घेतलं.

आता सराव. हा भाग लोक टाळतात, कारण वेड्यासारखं वाटतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर दोन मिनिटं. डोळे मिटून मी शेडमागं जातो. कडुलिंब. पाठीला बुंध्याची खरखर. आत हॅमरचा आवाज. मग तो हात पुढं येतो, मळलेली तंबाखू घेऊन, आणि ओळखीचा आवाज:

"घे की मर्दा. सोडलीस म्हनं?"

"व्हय."

"आरं, एका चिमटीनं काय मरतोस व्हय?"

इथं मी काय करतो, ते दिसलं पाहिजे. उजवा हात खिशात जातो, डबी निघते, झाकण अंगठ्यानं उघडतं, ओवा तळहातावर पडतो, मी रगडायला लागतो. आणि त्यालाच विचारतो, "काल त्या कन्व्हेयरचं काय झालं?" तो सांगायला लागतो. संपलं.

अडचण चित्रातून काढून टाकायची नाही, हे इथलं महत्त्वाचं. हात पुढं आलाच पाहिजे, टोमणा बसलाच पाहिजे. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी यालाच 'जर-तर'चा बेत म्हणून अभ्यासलं: जर अमुक झालं, तर मी तमुक करीन. नुसतं 'मी सोडणार' म्हणणाऱ्यांपेक्षा असा बेत ठरवलेली माणसं जास्त टिकतात, असं त्यांच्या अभ्यासांतून दिसलं. माझ्या भाषेत सांगायचं तर ट्रायल रन लोडवर घ्या. बिनलोडाची मोटर कुठलीही गोड फिरते.

सोडायच्या आधी बारा रात्री मी हे केलं, तंबाखू चालू असताना. तेराव्या दिवशी सोडली. पाडवा नव्हता, अमावस्या का काय होती. नारळ फोडला नाही, घरी सांगितलंही नाही.

तरीही तलफ आली तर

येते. ती यायची बंद होईल अशी कुणी हमी दिली तर त्याला चहा पाजून पाठवून द्या.

तेव्हा दोन गोष्टी. पहिली टेट्रिसवाली, पण मोबाइलशिवाय. तावडे हॉटेलपासून अंबाबाईच्या देवळापर्यंत मनातल्या मनात गाडी चालवायची. कावळा नाका, दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, बिंदू चौक. प्रत्येक ठिकाणी डाव्या हाताला काय आहे ते दिसल्याशिवाय पुढं जायचं नाही. सिग्नल लागला तर थांबायचं. मी कधीच देवळापर्यंत पोचत नाही, दसरा चौकाच्या आसपास तलफ उतरलेली असते. तुमचं गाव दुसरं असेल तर रस्ता तुमचा घ्या, पण रोजचा घ्या.

दुसरी आमच्या पुराची. ॲलन मार्लाट नावाचे अमेरिकेतले एक मानसशास्त्रज्ञ व्यसनी लोकांना सांगत, की तलफ ही लाट आहे असं समजा, तिच्याशी लढू नका, तिच्यावर तरंगा. आम्हाला समुद्र नाही. पण पावसाळ्यात कोल्हापुरातलं पोरगंसुद्धा विचारतं, पाणी किती फुटावर आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी एकोणचाळीस फूट, धोक्याची त्रेचाळीस. तर तलफ आली की मी बंधाऱ्यावर जाऊन उभा राहतो आणि आकडा वाचतो. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस झाली. आता चाळीस. पाण्याला कुणी 'चढू नकोस' म्हणत नाही. २०१९ ला पंचावन्नच्याही वर गेलं, तेव्हाही उतरलंच. पाचेक मिनिटांत आकडा थांबतो आणि इंचाइंचानं खाली यायला लागतो. त्रेचाळीसच्या वर माझी फक्त दोनदा गेली. एकदा वडील गेले तेव्हा, आणि एकदा दिवाळीआधी बोनसच्या भांडणात.

त्या दुसऱ्या वेळी मी एक चिमूट घेतली. हेही लिहायलाच पाहिजे. जुन्या मला हे पुरेसं होतं: गेलं सगळं, आता काय उपयोग, आण पुडी. या वेळी त्याचंही चित्र आधीच तयार ठेवलं होतं: थुंकतो, नळाखाली तोंड धुतो, वहीत वेळ लिहितो, जेवायला जातो. तसंच केलं. आमच्या रजिस्टरमध्येही ब्रेकडाउन एका ओळीत लिहितात, मशिन भंगारात काढत नाहीत.

'मी सोडतोय' की 'मी खात नाही'

आमचे चुलते आबा दारू प्यायचे, चांगली प्यायचे. एका आषाढीला पंढरपूरहून माळ घालून आले. त्यानंतर अठरा वर्षं थेंब नाही. मी लहानपणी याला देवाची कृपा समजायचो, मोठेपणी समाजाचा धाक समजायला लागलो. आता वाटतं, दोन्ही असेल, पण आणखी एक आहे. आबांना लग्नात कुणी ग्लास पुढं केला तर ते 'मी सोडलीय' असं म्हणायचे नाहीत, 'प्रयत्न चालू आहे' तर नाहीच. गळ्यातली माळ बोटानं जराशी उचलून दाखवायचे आणि म्हणायचे, "माळकरी हाय." समोरचा हात लगेच मागं. वाद नाही, आग्रह नाही. आबांच्या डोळ्यांपुढं दारू सोडणारा आबा नव्हताच. वारीत टाळ घेऊन चालणारा आबा होता, आणि तो पीत नाही, एवढंच.

'सोडणारा' या माणसाच्या चित्रात पुडी कायमची असते. म्हणून कुणी विचारलं तर मी 'सोडली' म्हणत नाही. 'खात नाही' म्हणतो. सुरुवातीला खोटं बोलल्यासारखं वाटलं, महिन्याभरानं नाही.

किती दिवस लागतात

एकवीस दिवसांत सवय बदलते, हे वाक्य कुठून आलं असेल ते असो, त्यावर वेळापत्रक बांधू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात हे मोजलं होतं. मधला आकडा सहासष्ट दिवस, आणि माणसामाणसात फरक अठरा दिवसांपासून दोनशे चोपन्नपर्यंत. ती सवय लावण्याची मोजणी होती, व्यसन सोडण्याची नव्हे. माझा ओवा न ठरवता हातात यायला तीन महिने लागले. विसाव्या दिवशी जमत नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवणाऱ्यांसाठी हे लिहिलं.

दुसऱ्या सवयींना चालतं का

नखं खाण्याला चालतं. पोरीवर करून पाहिलं. तिथं चित्रापेक्षा हाताचा भाग मोठा आहे. अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच सांगितलेली युक्ती, की हात तोंडाकडं निघाला की मूठ आवळून थोडा वेळ धरायची, तीच धरली. नखांना रंग लावल्यावर ती कशी दिसतील ते तिचं तिनंच ठरवलं होतं.

रात्री मोबाइल बघण्याला निम्मं चालतं. माझं तिथलं चित्र अजून सापडलेलं नाही. वही भरतोय.

दारूला मात्र एकट्यानं हे करत बसू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेततं. डॉक्टर आधी, चित्र नंतर.

एक राहून गेलेलं

गावच्या जत्रेची तयारी मी केली नव्हती. शेड होती, टपरी होती, जेवण होतं, पण जत्रा वर्षातून एकदा येते म्हणून तिचा सरावच झाला नाही. पालखी देवळात गेल्यावर पाराखाली बसलो होतो. शेजारी वडिलांच्या वयाचे एक म्हातारे, त्यांनी कंबरेची चंची सोडली, आणि माझ्या आत पाणी एकदम चाळीस फुटांवर. मी काही ठरवलं नाही. हात आपला खिशात गेला आणि डबी काढून रगडायला लागला. म्हाताऱ्यांनी माझ्या तळहाताकडं बघितलं, त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, चंची तशीच मांडीवर ठेवून त्यांनी माझ्या हातावरची मोठी चिमूट उचलली, खालचा ओठ ओढून त्यात भरली आणि डोळे मिटले.

अर्ध्या मिनिटानं उघडले.

"ह्यो कंचा बार रं?"

"ओवा हाय, काका."

त्यांनी थुंकायला तोंड पुढं केलं, मग थांबले, चावला, गिळला. "पोट साफ हुतंय का ह्यानं?" मी म्हटलं, हुतंय. त्यांनी पुन्हा हात पुढं केला.